‘नाकाचं हाड वाढलंय’ : ऑपरेशन करायचं की नाही?

रात्री उजव्या कुशीवर झोपलात की उजवी नाकपुडी बंद होते. कूस बदलली की थोड्या वेळाने डावी बंद होते. शेवटी तोंड उघडे टाकून झोपावे लागते आणि सकाळी घसा कोरडा, डोके जड, अंगात आळस. वर्षातून दोनदा सर्दी होते असे नाही, तर सर्दी वर्षातून दोनदाच जाते. असे चार-पाच वर्षे चालल्यावर कोणीतरी नाकात बॅटरी मारून पाहते आणि सांगते, ‘हाड वाढलंय, ऑपरेशन करावं लागेल.’ मग घरात चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, ‘करून टाक.’ दुसरा म्हणतो, ‘माझ्या साडूने केलं होतं, वर्षभरात पुन्हा तेच.’

दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. नाकाच्या ऑपरेशनने काहींना इतका फरक पडतो की, ‘दहा वर्षं आधी का नाही केलं’ असे ते विचारतात. काहींना मात्र काहीच फरक पडत नाही. बहुतेक वेळा हा फरक सर्जनच्या हातापेक्षा निवडीचा असतो : कोणत्या कारणासाठी, कोणाचे, कधी ऑपरेशन केले. निर्णय घेण्याआधी तुम्हाला जे माहीत असायला हवे, ते या लेखात क्रमाने पाहू.

‘हाड वाढलंय’ म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट म्हणजे बहुतेक रुग्णांच्या नाकात कोणतेही हाड ‘वाढत’ नसते. आपल्याकडे या एकाच वाक्यात तीन वेगवेगळे आजार कोंबले जातात आणि तिघांचे उपचार वेगळे आहेत.

१. पडदा वाकडा असणे. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक उभी भिंत असते. तिचा पुढचा भाग कूर्चेचा म्हणजे लवचीक आणि मागचा भाग हाडाचा. ही भिंत अगदी सरळ असलेली माणसे कमीच. बहुतेकांचा पडदा थोडाफार वाकडा असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. लहानपणी नाकावर पडल्याने, खेळताना मार लागल्याने किंवा वाढीच्या वयात कूर्चा एका बाजूला झुकल्याने तो जास्त वाकतो. मग एक नाकपुडी कायम अरुंद राहते.

२. टर्बिनेट सुजणे. नाकाच्या बाहेरील भिंतीवर दोन्हीकडे तीन-तीन मांसल वळ्या असतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांत रक्तवाहिन्या भरपूर असतात, त्यामुळे त्या स्पंजासारख्या फुगतात आणि आक्रसतात. ॲलर्जी, धूळ, धूर किंवा चुकीच्या थेंबांमुळे त्या सतत फुगलेल्या राहिल्या की नाक चोंदते. बॅटरीच्या उजेडात या वळ्या गुलाबी गाठीसारख्या दिसतात, म्हणून अनेकांना ते ‘वाढलेले मांस’ वाटते. प्रत्यक्षात तो प्रत्येकाच्या नाकात असणारा, गरजेचा अवयव आहे.

३. पॉलिप. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधील हवेच्या पोकळ्या. त्यांच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली की सोललेल्या द्राक्षासारखे फिकट कोंब नाकात उतरतात. यात नाक दोन्हीकडून बंद होते आणि मुख्य म्हणजे वास येईनासा होतो. फोडणीचा वास न येणे, गॅस गळत असल्याचे न कळणे, ही लक्षणे इथे महत्त्वाची.

अनेकांमध्ये यातील दोन गोष्टी एकत्र असतात. एक चकवा लक्षात ठेवा. पडदा डावीकडे वाकला की उजवी बाजू प्रशस्त होते. ती मोकळी जागा भरून काढण्यासाठी उजवीकडील टर्बिनेट हळूहळू मोठे होते. म्हणून काही रुग्ण सांगतात, ‘पडदा डावीकडे आहे म्हणतात, पण मला तर उजवीकडून श्वास येत नाही.’ ते बरोबर सांगत असतात.

नाकपुड्या पाळीपाळीने बंद होणे हा आजार नाही

नाक म्हणजे नुसता बोगदा नव्हे. बाहेरची कोरडी, गरम किंवा थंड हवा फुप्फुसात जाण्याआधी तिला शरीराच्या तापमानाजवळ आणणे, तिच्यात ओलावा घालणे आणि धूळ गाळणे ही त्याची कामे आहेत. हे काम प्रामुख्याने टर्बिनेट करतात, आणि ते पाळीने करतात. काही तास एका बाजूचे टर्बिनेट फुगलेले असते आणि दुसऱ्या बाजूचे आक्रसलेले, मग उलट. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्येच याचे वर्णन केले होते. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्त वाढते आणि खालच्या बाजूची नाकपुडी जास्त भरते. म्हणून केवळ ‘कूस बदलली की नाकपुडी बदलते’ एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही.

बाम किंवा निलगिरी हुंगल्यावर नाक ‘उघडल्यासारखे’ वाटते. तिथेही एक गंमत आहे. मेंथॉल नाकातील गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते. मेंदूला वाटते हवा जास्त येते आहे. प्रत्यक्षात वाट तेवढीच राहते. आराम वाटत असेल तर मोठ्यांनी जरूर वापरा. लहान बाळांना मात्र कापूर किंवा मेंथॉल नाकाजवळ लावू नका, आणि बाळाच्या नाकात तेल सोडू नका. कापराने झटके येऊ शकतात आणि तेल फुप्फुसात उतरू शकते.

सोलापुरात नाकाला काय काय सोसावे लागते

तुम्ही सोलापुरात किंवा आसपास राहत असाल, तर नाकाच्या तक्रारीत हवेचा आणि कामाचा वाटा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

- कोरडी, तापलेली हवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कोरड्या हवेत नाकातील ओलावा सुकतो, खपल्या धरतात, घोळणा फुटतो. खपल्यांनी भरलेले नाकही ‘बंद’ वाटते. त्यावर उपाय ओलाव्याचा आहे, ऑपरेशनचा नाही.
- मागाची धूळ. यंत्रमागाच्या शेडमध्ये चादर आणि टॉवेलच्या सुताचे बारीक तंतू, कांजीची भुकटी हवेत असते. रोज आठ-दहा तास त्यात काम करणाऱ्याच्या नाकाचे अस्तर सतत चिडलेले राहते.
- विडीची तंबाखू. शहरात आणि कुंभारीच्या वसाहतीत हजारो महिला घरीच विड्या वळतात. तंबाखूची भुकटी त्याच खोलीत असते जिथे मुले झोपतात. मिश्री आणि तपकीर वापरणाऱ्यांचे अस्तर वेगळेच कोरडे पडते.
- शेतातील आणि रस्त्यातील धूळ. ज्वारीच्या मळणीचा भुसा, पावसानंतर मोकळ्या जागेत माजणारे काँग्रेस गवत, म्हणजे गाजरगवत. याच्या परागांची ॲलर्जी अनेकांना असते.
- घरातील अंथरूण. गाद्या, गोधड्या आणि जाड चादरींत धुळीतले अतिसूक्ष्म किडे वाढतात. पावसाळ्याच्या दमटपणात त्यांचे प्रमाण वाढते.

एक साधी चाचणी स्वतः करा. चार दिवस गावी किंवा वेगळ्या ठिकाणी गेल्यावर नाक मोकळे होते का? कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? ठरावीक महिन्यांतच त्रास होतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर मुख्य कारण बहुधा अस्तराच्या सुजेत आहे. वाकडा पडदा ना ऋतू पाहतो ना सुट्टी.

ऑपरेशनच्या आधीचे दोन-तीन महिने

अतिशय वाकडा पडदा सोडला, तर आधी औषधोपचार नीट करून पाहणे हाच योग्य रस्ता आहे. ‘सगळी औषधं केली, काही उपयोग नाही’ असे सांगणाऱ्या अनेकांनी एकही औषध योग्य पद्धतीने, पुरेसे दिवस घेतलेले नसते. चार गोष्टी करा.

१. मेडिकलमधून आणलेले नाक उघडणारे थेंब बंद करा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब टाकले की मिनिटांत नाक उघडते. ते रक्तवाहिन्या आक्रसून काम करतात. पाचेक दिवसांपेक्षा जास्त वापरले की असर उतरल्यावर त्याच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. उशाखाली बाटली ठेवून झोपणारे, बाटली विसरली तर प्रवासातून परत फिरणारे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. त्यांचे नाक त्या बाटलीनेच बंद केलेले असते. सोडण्याची एक युक्ती : आधी एकाच नाकपुडीत थेंब बंद करा, दुसरीत चालू ठेवा. पहिली नाकपुडी साधारण एक-दोन आठवड्यांत सावरली की दुसरीत बंद करा. या काळात डॉक्टर पुढे सांगितलेला फवारा देतात, त्याने त्रास कमी होतो.

२. मिठाच्या पाण्याने नाक धुवा. जलनेती आपल्याकडे नवी नाही, आणि आजही कान-नाक-घसा तज्ज्ञ तीच सांगतात. अर्धा लिटर पाण्यात चहाचा पाऊण ते एक सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. पाण्याबाबत मात्र हयगय नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ते पिंपात आणि टाकीत दिवसेंदिवस साठवलेले असते. असे पाणी पोटात गेले तर एक वेळ चालेल, नाकात नाही. साठवलेल्या पाण्यातील एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे अतिशय दुर्मिळ आहे, पण जीवघेणे आहे. म्हणून पाणी खळखळून उकळा, किमान एक मिनिट उकळी राहू द्या, झाकून कोमट होऊ द्या आणि त्याच दिवशी वापरा. घरातील फिल्टरचे पाणीही न उकळता नाकासाठी वापरू नका. नेतीचे भांडे धुऊन कोरडे ठेवा.

३. स्टिरॉइडचा फवारा रोज आणि बरोबर मारा. ‘स्टिरॉइड’ शब्द ऐकून अनेक जण घाबरतात. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असते आणि त्यातले फारच थोडे रक्तात जाते. पण तो लगेच नाक उघडत नाही. फरक दिसायला एक-दोन आठवडे आणि पूर्ण असर कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. मारण्याची पद्धत अशी : आधी नाक धुवा. मान किंचित पुढे झुकवा, मागे टाकू नका. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरा. नळीचे तोंड मधल्या पडद्याकडे न ठेवता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याकडे ठेवा. जोरात ओढू नका, हलका श्वास घ्या. औषध घशात उतरून कडू लागत असेल किंवा पडद्यातून रक्त येत असेल, तर पद्धत चुकते आहे. डॉक्टरांसमोर एकदा मारून दाखवा.

४. कारण कमी करा. मागावर काम करताना नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क लावा आणि पाळी संपल्यावर नाक धुवा. विड्या वळण्याची जागा झोपण्याच्या जागेपासून वेगळी करा. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडक पाण्यात, ५५ ते ६० अंशांच्या, भिजवून धुवा आणि उन्हात वाळवा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. तपकीर, मिश्री, विडी, सिगारेट बंद.

ॲलर्जीच्या गोळ्या शिंका आणि पाणी थांबवतात; चोंदलेपणावर त्यांचा उपयोग कमी होतो. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन यंत्रावर उभे राहू नका, गाडी चालवू नका. दुकानातून घेतलेल्या ‘सर्दीच्या गोळ्यां’त रक्तदाब वाढवणारे घटक असू शकतात. रक्तदाब किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तपासणीत काय पाहतात?

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी पुढून नाक पाहतात, मग बारीक दुर्बीण आत घालून मागपर्यंत पाहतात. ही तपासणी ओपीडीतच, नाक बधिर करून, काही मिनिटांत होते. नाक आक्रसणारे औषध लावून पुन्हा पाहणे महत्त्वाचे आहे. औषधाने नाक छान उघडले तर त्रास सुजेचा आहे. तरीही अरुंदच राहिले तर त्रास रचनेचा आहे.

आणखी एक तपासणी घरीही करून पाहता येते. गालावर, नाकाच्या अगदी शेजारी बोट ठेवून त्वचा हलकेच बाहेर ओढा आणि श्वास घ्या. खूप मोकळे वाटले, तर अडचण नाकपुडीच्या तोंडाशी असलेल्या सर्वात अरुंद जागेत असू शकते. ही गोष्ट डॉक्टरांना सांगा. तिथला दोष राहून गेला, तर मागचा पडदा सरळ करूनही श्वास मोकळा होत नाही.

सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. सायनसचा जुना आजार, पॉलिप किंवा गाठीची शंका असेल तेव्हा तो लागतो. आणि स्कॅनच्या कागदावर ‘पडदा वाकडा’ असे लिहिले आहे, एवढ्याच कारणासाठी ऑपरेशन करू नये. उपचार स्कॅनचा नाही, तुमच्या त्रासाचा करायचा आहे.

ऑपरेशनचा उपयोग कोणाला होतो?

उपयोग होण्याची शक्यता जास्त :

- नाकपुडी ऋतू न पाहता कायम बंद, आणि तपासणीत पडदा त्याच्याशी जुळेल असा वाकडा
- वर सांगितलेले उपचार दोन-तीन महिने नीट करूनही झोप, काम, व्यायाम यांवर परिणाम
- औषधांनी न आटोपणारे पॉलिप किंवा सायनसचा जुना संसर्ग
- वाकड्या पडद्यामुळे वारंवार घोळणा फुटणे

उपयोग होण्याची शक्यता कमी :

- मुख्य तक्रार शिंका, खाज, पाणी वाहणे. ऑपरेशनने ॲलर्जी जात नाही.
- मुख्य तक्रार डोकेदुखी. ती बहुधा अर्धशिशी किंवा ताणाची असते.
- फक्त घोरणे. झोपेत श्वास थांबत असेल, तर केवळ नाकाच्या ऑपरेशनने तो आजार क्वचितच बरा होतो. आधी झोपेची तपासणी करा.
- थेंबांची सवय अजून चालू आहे

‘खरंच फरक पडतो का?’ या प्रश्नाला आता बऱ्यापैकी उत्तर आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नेदरलँड्समधील २०३ रुग्णांचा अभ्यास आला. २०२३ मध्ये ‘बीएमजे’मध्ये ब्रिटनमधील १७ रुग्णालयांतील ३७८ रुग्णांचा अभ्यास आला. दोन्हींत वाकड्या पडद्याचा त्रास असलेल्या प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले : एका गटाचे ऑपरेशन, दुसऱ्याला ऑपरेशनविना उपचार. ब्रिटनच्या अभ्यासात दुसऱ्या गटाला मिठाच्या पाण्याचा आणि स्टिरॉइडचा फवारा दिला होता. सहा महिन्यांनी त्रासाचे गुण मोजले. या मोजणीत ० म्हणजे काहीच त्रास नाही आणि ११० म्हणजे सर्वाधिक. ऑपरेशन झालेल्यांचे सरासरी गुण १९.९ आले, औषधे घेणाऱ्यांचे ३९.५. ज्यांचा त्रास आधी जास्त होता, त्यांना फायदाही जास्त झाला.

याचा अर्थ, योग्य रुग्णात हे ऑपरेशन उपयोगी आहे. पण १९.९ म्हणजे शून्य नव्हे, हेही पाहा. आपले ऑपरेशन झाले आहे की नाही हे रुग्णांना माहीत होते, त्यामुळे अपेक्षेचा थोडा वाटा त्यात असू शकतो. आणि हे आकडे पडदा वाकडा असलेल्यांचे आहेत, नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीचे नाहीत.

ऑपरेशन कोणते?

*पडदा सरळ करणे, म्हणजे सेप्टोप्लास्टी.* नाकपुडीच्या आतून छेद घेऊन वाकडी कूर्चा आणि हाड मोकळे करतात, अडणारा भाग काढतात किंवा सरळ करून बसवतात. बाहेर टाका नाही, व्रण नाही, आणि सहसा नाकाचा आकार बदलत नाही. पूर्वी पडद्याचा बराच भाग काढून टाकत. आता जेवढा राखता येईल तेवढा राखतात.

*टर्बिनेट लहान करणे.* पडद्यासोबत किंवा स्वतंत्रपणे करतात. इथे संयम हवा. टर्बिनेट पूर्ण काढून टाकले, तर नाक रुंद होते पण हवेचा स्पर्शच जाणवत नाही. रुग्णाला मोकळ्या नाकातही गुदमरल्यासारखे वाटत राहते, खपल्या पडतात, आणि त्यावर चांगला उपाय नाही. आपल्या कोरड्या हवेत तर टर्बिनेटची गरज जास्तच आहे. म्हणून ‘किती काढणार, अस्तर राखणार का?’ हे नक्की विचारा.

*दुर्बिणीने सायनसचे ऑपरेशन.* पॉलिप आणि सायनसच्या जुन्या आजारात करतात. यात सायनसची बंद दारे उघडतात, म्हणजे निचरा होतो आणि औषध आत पोहोचते. पॉलिप पुन्हा येऊ शकतात, विशेषतः दमा असलेल्यांत किंवा ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी दमा उठणाऱ्यांत. त्यामुळे ऑपरेशननंतरही धुणे आणि फवारा अनेक वर्षे चालू ठेवावा लागतो. ‘साडूचं पुन्हा झालं’ यामागे अनेकदा हेच असते : ऑपरेशन झाले आणि फवारा सुटला.

वाढीच्या वयात पडद्याचे ऑपरेशन शक्यतो टाळतात, साधारण १७-१८ वर्षांपर्यंत थांबतात; फार अडचण असेल तरच जपून करतात. लहान मूल तोंड उघडे टाकून झोपत असेल, तर कारण बहुधा नाकामागे वाढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथीचे असते. तो वेगळा विषय आहे.

ऑपरेशनचा दिवस आणि पुढचे आठवडे

आधी रक्ताच्या तपासण्या, रक्तदाब, साखर आणि भुलेसाठी तपासणी होते. रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिन, वेदनाशामक गोळ्या, आयुर्वेदिक काढे, जे काही घेता ते सर्व सांगा. हृदयासाठीची गोळी स्वतःहून बंद करू नका. ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण तासाभराचे असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते.

पहिले दोन दिवस. हे सर्वात कंटाळवाणे असतात. नाकात बोळे असतील तर तोंडानेच श्वास घ्यावा लागतो. घशाला कोरड पडते, डोळ्यांतून पाणी येते, वरच्या दातांत बधिरपणा जाणवतो. वेदना बहुतेकांना सोसण्याजोग्या असतात. दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपा. काही सर्जन बोळ्यांऐवजी आतून टाके घेतात किंवा आठवडाभर पातळ पट्ट्या ठेवतात.

पहिला आठवडा. बोळे निघाले तरी नाक बंदच वाटते. घाबरू नका, आत सूज आणि खपल्या असतात. अनेक जण याच आठवड्यात ठरवतात की ऑपरेशन फसले. तसे नसते. नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंका. बोट घालू नका. धुणे डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करा. खपल्या सैल होण्यासाठी ते फार महत्त्वाचे आहे.

दुसरा आठवडा. बैठे काम करणारे बहुधा कामावर जाऊ शकतात. वजन उचलणे, वाकून काम, व्यायामशाळा, पोहणे दोन-तीन आठवडे नको. मागाच्या शेडमध्ये किंवा मळणीच्या धुळीत परतण्याआधी सर्जनना विचारा, आणि शक्य असेल तर तीन आठवडे घ्या. भरउन्हाळा टाळून तारीख घेतली, तर कोरड्या खपल्यांचा त्रास कमी होतो.

तीन ते सहा महिने. खरा निकाल या काळात कळतो.

धोके

हे ऑपरेशन सुरक्षित समजले जाते, पण कोणतेही ऑपरेशन शून्य धोक्याचे नसते. रक्तस्राव, संसर्ग, पडद्यात रक्त साठणे, पडद्याला भोक पडून शिट्टीसारखा आवाज येणे, नाकाच्या दांड्याला खळगा पडणे, वास कमी होणे, आत चिकटणे, आणि काही वर्षांनी किंवा लगेचही फरक न पडणे, हे ज्ञात धोके आहेत. सायनसच्या ऑपरेशनमध्ये डोळा आणि मेंदू अगदी शेजारी असल्याने त्यांना इजा होण्याचा दुर्मिळ धोका असतो. हे सगळे संमतीच्या कागदावर लिहिलेले असते. सही करण्याआधी वाचा, न समजलेले विचारा.

खर्च आणि योजना

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. आपण त्याला ‘सिव्हिल’ म्हणतो. तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक यादीतील शस्त्रक्रियाच येतात. तुमचे ऑपरेशन तुमच्या निदानासह यादीत बसते का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड आणि ओळखपत्र सोबत ठेवा. खासगी आरोग्य विमा असेल, तर पॉलिसी नीट वाचा. अनेक पॉलिसींत नाकाचा पडदा आणि सायनसच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षे संरक्षण नसते. विमा घेऊन लगेच ऑपरेशनची तारीख घेतली, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

सर्जनना विचारायचे सहा प्रश्न

१. माझा त्रास पडद्याचा, टर्बिनेटचा, पॉलिपचा की ॲलर्जीचा? किती कशाचा?
२. ऑपरेशन केले नाही तर काय होईल?
३. नेमके काय करणार? टर्बिनेटला हात लावणार का?
४. माझ्या कोणत्या तक्रारी जातील आणि कोणत्या राहतील?
५. नंतर फवारा आणि धुणे किती दिवस?
६. एकूण खर्च किती आणि तपासणीला किती वेळा यावे लागेल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांसाठी दिलासा देणारे असते. वाकडा पडदा हा जिवावरचा आजार नाही. तो लगेच सरळ केला नाही तर काही बिघडत नाही. घाई करण्याचे कारण नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर जरूर घ्या. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

मात्र इथे थांबू नका

- नाकावर मार लागून नाक दोन्हीकडून बंद झाले : पडद्यात रक्त साठले असू शकते. त्याच दिवशी दाखवा, नाहीतर कूर्चा सडून नाक बसते.
- लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव : चिंचोका, मणी, खडू काहीही असू शकते. बटन-सेल असेल तर काही तासांत भोक पडते, तातडीने जा.
- मोठ्या माणसात एकाच बाजूचे नाक बंद आणि रक्त, किंवा मानेला गाठ.
- किशोरवयीन मुलाचे नाक बंद आणि वारंवार भरपूर रक्तस्राव.
- मधुमेह असलेल्याच्या चेहऱ्यावर सूज, गाल बधिर, नाकात काळी खपली, डोळा दुखणे किंवा दोन-दोन दिसणे. २०२१ मध्ये करोनानंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती डोळे आणि जीव घेतले, हे आपण पाहिले आहे. इथे एक दिवसही फार असतो.
- नाक किंवा सायनसच्या ऑपरेशननंतर एका बाजूने पाण्यासारखा स्वच्छ स्राव, ताप, मान आखडणे, किंवा न थांबणारे रक्त.

यांपैकी काही नसेल, तर तुमच्या हाती वेळ आहे. आजपासून थेंबांची बाटली बाजूला ठेवा, पाणी उकळायला ठेवा, फवारा शिकून घ्या आणि एका वहीत रोज रात्री नाकाला दहापैकी गुण द्या. दोन-तीन महिन्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गुण सुधारले असतील, तर ऑपरेशन वाचले. सुधारले नसतील आणि तपासणीत पडदा त्याच बाजूला अडत असेल, तर न घाबरता तारीख घ्या. दोन्ही वेळा निर्णय ‘कोणीतरी म्हणाले म्हणून’ झालेला नसेल.